औद्योगिक नळवाहिन्यांची वायुदाब चाचणी

औद्योगिक नळवाहिन्यांची वायुदाब चाचणी म्हणजे नव्याने जोडलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या पाइपांमध्ये हवा, नायट्रोजन अथवा अन्य अज्वलनशील वायू दाबाने भरून सांध्यांची मजबुती आणि गळती तपासण्याची पद्धत होय. कारखान्यांच्या बोलीत तिला 'न्यूमॅटिक टेस्ट' किंवा 'एअर टेस्ट' म्हणतात. हीच तपासणी पाण्याने केल्यास ती जलदाब चाचणी, अर्थात 'हायड्रो टेस्ट' ठरते. दोन्ही चाचण्यांत गेजचा काटा सारखाच आकडा दाखवतो, परंतु पाइप फुटल्यास होणाऱ्या परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. दाबलेल्या वायूत साठलेली ऊर्जा त्याच दाबाच्या पाण्यातील ऊर्जेच्या शेकडो ते हजारो पट असते. यामुळे अभियांत्रिकी मानके जलदाब चाचणीस प्राधान्य देतात आणि वायुदाब चाचणी अपवाद म्हणूनच मान्य करतात. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत साखर कारखाने, तेल गिरण्या, शीतगृहे आणि अलीकडे नैसर्गिक वायूचे जाळे असल्याने दोन्ही प्रकारच्या चाचण्यांची गरज पडते. पाणीटंचाईच्या या प्रदेशात 'पाणी नाही, तर हवेने तपासू' हा विचार सहज सुचणारा असल्याने विषयाला स्थानिक महत्त्वही आहे.

चाचणीचे प्रयोजन

वेल्डिंगचा सांधा बाहेरून निर्दोष दिसला तरी आत पोकळी किंवा चीर असू शकते. फ्लँजमधील गॅस्केट वाकडे बसलेले असू शकते, बोल्ट कमी-अधिक आवळलेले असू शकतात. वाफ, अमोनिया, तेल किंवा ज्वलनशील वायू वाहिनीत सोडण्यापूर्वी हे दोष उघड व्हावेत म्हणून नेहमीच्या कार्यदाबापेक्षा अधिक दाब देऊन वाहिनीची परीक्षा घेतली जाते. परीक्षा म्हटली की अनुत्तीर्ण होण्याची शक्यता गृहीतच असते. पाइप टिकेल याची खात्री आधीच असती तर चाचणीची आवश्यकता उरली नसती. म्हणून चाचणीची आखणी 'पाइप फुटणार आहे' असे मानूनच करावी लागते.

साठलेल्या ऊर्जेतील फरक

पाणी जवळजवळ दबत नाही. पाण्याने भरलेल्या पाइपवर पंपाने दाब चढवताना अगदी थोडे जादा पाणी आत जाते. सांधा उघडला की तेवढेच पाणी उसळून बाहेर पडते आणि दाब क्षणात शून्यावर येतो. वायूचे तसे नाही. १० बार दाबासाठी पाइपच्या आकारमानाच्या सुमारे अकरा पट मोकळी हवा आत कोंबावी लागते. कोंबण्यासाठी कॉम्प्रेसरने केलेल्या श्रमाचा मोठा भाग त्या हवेत ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे शिल्लक राहतो. चीर पडल्यावर दाब लगेच उतरत नाही. प्रसरण पावणारा वायू चिरेला पुढे ढकलत राहतो, पाइप लांबवर फाटतो आणि त्याचे तुकडे गोळ्यांसारखे फेकले जातात.

आकड्यांनी हा फरक अधिक स्पष्ट होतो. ३०० मिलिमीटर आतील व्यासाच्या सुमारे १४ मीटर पाइपमध्ये १ घनमीटर जागा असते. त्यात १० बार (कामगारांच्या भाषेत 'दहा किलो') दाबाची हवा असल्यास, उष्णतेची देवाणघेवाण न होता ती प्रसरण पावते असे धरून, सुमारे १३.६ लाख जूल ऊर्जा मुक्त होऊ शकते. एक टन वजन सुमारे १३९ मीटर उंच नेण्यास एवढी ऊर्जा पुरते. स्फोटकांच्या भाषेत ती साधारण ३२० ग्रॅम टीएनटीइतकी होते. त्याच पाइपात त्याच दाबाचे पाणी असल्यास पाण्यातील ऊर्जा केवळ २२५ ते २३० जूल भरते, म्हणजे २३ किलोचे पोते हातभर नव्हे, मीटरभर उचलण्याइतकी. दाब ५० बार केल्यास हवेतील ऊर्जा सुमारे ८६ लाख जूल, म्हणजे दोन किलो टीएनटीइतकी होते, तर पाण्यातील ऊर्जा सहा हजार जूलांच्या आतच राहते. पाइपचे पोलाद दाबाने किंचित ताणले जाते व त्यातही थोडी ऊर्जा साठते. ती धरल्यास दोहोंतील गुणोत्तर काहीसे कमी होते, निष्कर्ष बदलत नाही.

या गणितात दाबाइतकेच आकारमानालाही महत्त्व आहे, आणि व्यवहारात नेमके तेच विसरले जाते. 'दाब तर कमीच आहे' हे समाधान लहान पाइपाच्या बाबतीत कदाचित चालेल, पण त्या वाहिनीला मोठी टाकी जोडलेली असेल तर कमी दाबातही प्रचंड ऊर्जा साठते. रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग उडून माणूस दगावल्याचे मराठवाड्यात कोणी ऐकले नसेल असे नाही. तेथे दाब जेमतेम आठ-नऊ बारच असतो.

अपघात कसे घडतात

पाइप मधोमध फुटणे हा अपघाताचा एक प्रकार झाला. त्याहून साधा प्रकार म्हणजे टोकाला लावलेले तात्पुरते झाकण किंवा प्लग निसटणे. ३०० मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर १० बार दाबात सात टनांहून अधिक जोर येतो. पुरेसे बोल्ट न लावलेली, पातळ पत्रा कापून केलेली किंवा घाईत दोन-चार टाके मारून बसवलेली झाकणे हा भार पेलू शकत नाहीत. अवघ्या २५ मिलिमीटरच्या प्लगवरही सुमारे ५० किलो जोर असतो. गळती शोधण्यासाठी त्याच्यासमोर वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्याशी तो किती वेगाने येईल, याचा अंदाज सहज करता येतो. झाकण सुटले की पाइपलाही उलट दिशेने धक्का बसतो आणि आधारांवर नीट न बांधलेली संपूर्ण लांबी सापासारखी फिरते.

दुसरे कारण अतिदाबाचे. नायट्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५० बार दाब असतो. ज्या वाहिनीची चाचणी १० बारवर करावयाची, तिला असे सिलिंडर रेग्युलेटरशिवाय जोडणे म्हणजे पंधरापट दाबाचे दार उघडून ठेवणे होय. रेग्युलेटर असूनही तो बिघडू शकतो, म्हणून वाहिनीवर स्वतंत्र सुरक्षा झडप असणे अनिवार्य मानले जाते. पाण्याच्या पंपाने दाब चढवताना झडप बंद करून थांबता येते आणि एक-दोन स्ट्रोक जास्त झाले तरी ते गेजवर लगेच दिसते. वायूचा दाब संथ चढतो, त्यामुळे लक्ष विचलित होण्यास वाव मिळतो.

तिसरे कारण दाब शिल्लक असताना बोल्ट सैल करणे किंवा गळणारा सांधा दाबाखालीच आवळणे. गळतीचा फुत्कार ऐकू आला की अनुभवी फिटरचा हात आपोआप पान्याकडे जातो. जलदाब चाचणीतही हे निषिद्ध आहे, वायुदाब चाचणीत मात्र ती बहुधा शेवटची चूक ठरते. दाब पूर्ण उतरवून, गेज शून्यावर आल्याची खात्री करून आणि निचऱ्याची झडप उघडी ठेवूनच सांध्याला हात लावावा.

पोलादाचा ठिसूळपणा हा कमी दिसणारा धोका आहे. विशिष्ट तापमानाखाली काही पोलादे वाकण्याऐवजी काचेसारखी तडकतात. द्रवरूपातील नायट्रोजनचे बाष्प पुरेसे न तापवता वाहिनीत सोडल्यास पाइप या मर्यादेखाली जाऊ शकतो. मराठवाड्याच्या हवामानात साध्या पाइपांना हा धोका कमी असला तरी जाड भिंतीच्या जुन्या पात्रांसाठी थंडीतील पहाट चाचणीस योग्य वेळ नव्हे.

वायूची निवड चुकल्यास दाबाशी संबंध नसलेले अपघातही होतात. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंदिस्त खोलीत किंवा खड्ड्यात नायट्रोजन साचून हे प्रमाण १९.५ टक्क्यांखाली गेल्यास ते असुरक्षित समजतात. नायट्रोजनला वास नसल्याने गुदमरणाऱ्याला आधी सूचना मिळत नाही, आणि त्याला वाचवण्यासाठी उतरणारा दुसरा बळी ठरतो. याउलट नायट्रोजन संपला म्हणून प्राणवायूचे सिलिंडर जोडणे हा अक्षम्य प्रकार आहे. पाइपात किंवा कॉम्प्रेसरमध्ये तेलाचा अंश असल्यास दाबाखालील प्राणवायूत तो पेट घेतो. शीतकरण व वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीत ही चूक विशेष घातक ठरते, कारण तेथे वंगणतेल नेहमीच असते.

ऊन आणि दाब

बंद पाइपातील वायूचा दाब तापमानासोबत बदलतो. सकाळी २० अंश सेल्सिअसला १० बार दाब भरून झडप बंद केली आणि दुपारी पाइपातील वायू ४५ अंशांवर गेला, तर गेज सुमारे १०.९ बार दाखवेल. उघड्यावरचा काळ्या रंगाचा पाइप उन्हात ६० अंशांपर्यंत तापल्यास हाच आकडा ११.५ बारच्या आसपास जाईल. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात हे सहज घडू शकते. संध्याकाळी दाब उतरतो तेव्हा नसलेली गळती शोधण्यात वेळ जातो, आणि दुपारी चढलेल्या दाबामुळे असलेली गळती झाकली जाते. यासाठी दीर्घ चाचणीत दाबासोबत पाइपच्या तापमानाचीही नोंद ठेवतात. हाच प्रश्न पाण्याच्या बाबतीत अधिक तीव्र असतो. तुडुंब भरून बंद केलेल्या पाइपातील पाणी थोडे तापले तरी दाब झपाट्याने वाढतो. मात्र निचऱ्यातून थोडेसे पाणी सोडताच तो तितक्याच झपाट्याने उतरतो.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील संदर्भ

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले होते. अशा प्रदेशात केवळ पाइप तपासण्यासाठी पाणी वापरणे उधळपट्टीचे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष हिशेब मात्र वेगळे सांगतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या १०० मीटर पाइपला सुमारे १,८०० लिटर पाणी लागते. २०० मिलिमीटर व्यासाच्या पूर्ण एक किलोमीटर वाहिनीला सुमारे ३१,४०० लिटर, म्हणजे त्या गाडीतील एका वाघिणीपेक्षाही कमी. शिवाय हे पाणी खर्च होत नाही. एका भागाची चाचणी झाली की तेच पाणी पुढच्या भागात वळवता येते आणि शेवटी टाकीत साठवता येते. पाणीटंचाई हे हवेने चाचणी करण्याचे पुरेसे कारण क्वचितच ठरते, असे या आकड्यांवरून म्हणावे लागते.

पाण्याची प्रत ही खरी अडचण असू शकते. या भागातील अनेक विंधन विहिरींचे पाणी जड व क्षारयुक्त आहे. स्टेनलेस स्टीलच्या पाइपात क्लोराइडयुक्त पाणी साचून राहिल्यास धातूला बारीक छिद्रे व भेगा पडतात, म्हणून अशा चाचणीच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण साधारणतः दशलक्ष भागांत ५० भागांपेक्षा कमी असावे अशी अट घालतात. यावर उपाय प्रक्रिया केलेले पाणी वापरणे आणि चाचणीनंतर वाहिनी लगेच रिकामी करून सुकवणे हा आहे.

साखर कारखान्यांत बाष्पक आणि मुख्य वाफवाहिन्या बंद हंगामात उघडून दुरुस्त केल्या जातात व गळीत हंगामापूर्वी त्यांची तपासणी होते. बाष्पकांच्या बाबतीत १९५० च्या भारतीय बाष्पक विनियमांनी जलदाब चाचणीचाच मार्ग आखून दिला असल्याने तेथे निवडीचा प्रश्न फारसा येत नाही. तो येतो कारखान्यातील किरकोळ वाहिन्यांत, लहान उद्योगांत आणि तातडीच्या दुरुस्तीत, जेथे कॉम्प्रेसर हाताशी असतो आणि पंप आणावा लागतो.

काही ठिकाणी वायूनेच चाचणी करणे योग्य असते. लातूर व धाराशिव जिल्ह्यांसाठी नैसर्गिक वायू वितरणाचे जाळे उभारले जात आहे. अशा जाळ्यातील पॉलिएथिलिनच्या पाइपांत कार्यदाब साधारण ४ बारपर्यंत असतो आणि जमिनीत पुरल्यावर त्यांची चाचणी हवेने घेण्याची रीत आहे. वळणावळणाच्या वाहिनीतून पाण्याचा शेवटचा थेंब काढणे कठीण असते, आणि मातीचे आवरण तुकडे रोखते. रुग्णालयातील प्राणवायूच्या तांब्याच्या वाहिन्यांत ओलावा व तेल चालत नसल्याने तेथेही कोरडा, तेलविरहित वायू वापरतात. लातूरच्या मराठवाडा रेल्वे डबा कारखान्यात पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी तयार झाला. रेल्वे डब्यांतील ब्रेकच्या नळ्या मुळात हवेवरच चालतात, त्यांत ५ व ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो, तेव्हा त्यांची गळती हवेनेच पाहिली जाते. या सर्व उदाहरणांत दाब कमी आहे, आकारमान मर्यादित आहे किंवा पाइप जमिनीखाली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्लास्टिकचे पाइप

शेतीसाठी मराठवाड्यात सर्वत्र मिळणारा पीव्हीसी पाइप स्वस्त व हलका असल्याने छोट्या कारखान्यांत हवेच्या वाहिनीसाठीही वापरला जाण्याचा मोह होतो. पीव्हीसी दाबाच्या पाण्यासाठी बनवलेला असतो, दाबाच्या वायूसाठी नव्हे. हवेच्या दाबाने तो फुटतो तेव्हा त्याच्या धारदार कपच्या चहूकडे उडतात, आणि या कपच्या क्ष-किरण चित्रात नीट दिसत नसल्याने शरीरातून काढणेही अवघड जाते. ऊन लागून जुना झालेला पाइप अधिकच ठिसूळ होतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने १९८८ मध्येच जमिनीवरील वायुवाहिन्यांसाठी पीव्हीसी वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. पाइपवर छापलेला '६ किलो' किंवा '१० किलो' हा आकडा पाण्यासाठी असतो. तो हवेच्या चाचणीची परवानगी समजू नये.

सुरक्षित पद्धती

वायुदाब चाचणी टाळता येत नसेल तर ती कशी करावी, याचे नियम एएसएमई बी३१.३ या प्रक्रिया-नळवाहिन्यांच्या मानकात दिले आहेत. जलदाब चाचणीचा दाब अभिकल्प दाबाच्या किमान दीडपट असतो, तर वायुदाब चाचणीत तो १.१ पट ते १.३३ पट या मर्यादेत ठेवतात. चाचणीच्या दाबापेक्षा १० टक्के किंवा ३४५ किलोपास्कल, यांपैकी जो फरक कमी असेल तेवढ्या वर उघडणारी सुरक्षा झडप लावावी लागते. प्रथम चाचणी दाबाच्या निम्मा किंवा १७० किलोपास्कल, यांपैकी कमी असेल तेवढाच दाब देऊन ढोबळ गळती तपासतात. त्यानंतर दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात व प्रत्येक टप्प्यावर पाइपवरील ताण स्थिरावेपर्यंत थांबतात. पूर्ण दाब गाठल्यावर कोणीही वाहिनीजवळ जात नाही. दाब पुन्हा अभिकल्प दाबापर्यंत उतरवल्यानंतरच साबणाच्या पाण्याने सांधे पाहिले जातात. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते, आणि माणूस फुटण्याच्या सर्वाधिक शक्यतेच्या क्षणी सांध्याजवळ उभा राहतो.

किती दूर राहावे याचे उत्तर साठलेल्या ऊर्जेवरून ठरते. एएसएमईच्याच पीसीसी-२ या दुरुस्तीविषयक मानकानुसार ऊर्जा १३५.५ मेगाजूलपर्यंत असल्यास किमान ३० मीटर, आणि त्याहून अधिक परंतु २७१ मेगाजूलपर्यंत असल्यास किमान ६० मीटर अंतर राखावे. त्यापुढे अंतर गणिताने काढावे लागते किंवा वाहिनीचे भाग पाडून ऊर्जा घटवावी लागते. म्हणजे वर उल्लेखिलेल्या १४ मीटर पाइपसाठीही ३० मीटर सोडावेच लागतात. कारखान्याच्या दाटीत एवढी मोकळी जागा मिळत नसल्याने अशी चाचणी जेवणाच्या सुटीत, रात्री किंवा साप्ताहिक सुटीच्या दिवशी घेतात, दोर बांधून वाट अडवतात आणि गेज व भरण्याची झडप लांब नळीने आडोशामागे आणतात. आपल्या कामगारांसोबतच शेजारच्या शेडमधील ठेकेदाराच्या माणसांनाही सूचना देणे आवश्यक असते, कारण चाचणीची कल्पना नसलेला तोच असतो.

पाणी आणि वायू दोन्ही वापरणे अशक्य असल्यास वेल्डच्या सांध्यांची संपूर्ण क्ष-किरण वा श्राव्यातीत तपासणी करून सुमारे १ बार इतक्या अल्प दाबावर सूक्ष्म गळती चाचणी घेण्याचा पर्याय बी३१.३ मध्ये आहे. तो खर्चिक आहे, परंतु त्यात कोणालाही मोठ्या साठवलेल्या ऊर्जेशेजारी उभे राहावे लागत नाही.

नोंदलेल्या दुर्घटना

फेब्रुवारी २००९ मध्ये चीनमधील शांघायनजीक यांगशान येथे बांधकाम सुरू असलेल्या द्रवीकृत नैसर्गिक वायूच्या टर्मिनलवर वायुदाब चाचणीदरम्यान वाहिनी फुटली. त्यात एकाचा मृत्यू झाला व अनेक जण जखमी झाले. तो दाब नियोजित चाचणी दाबापर्यंत पोहोचलाही नव्हता.

जलदाब चाचणीही पूर्णपणे निर्धोक नाही, हे सांगण्यासाठी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथील डिसेंबर १९६५ ची घटना उद्धृत केली जाते. अमोनिया कारखान्यासाठी बनवलेले सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचे पात्र थंडीत जलदाब चाचणी चालू असताना ठिसूळपणे तडकले आणि सुमारे दोन टनांचा तुकडा ४६ मीटर दूर जाऊन पडला. त्या पात्रातील दाब अतिशय उच्च होता व पोलादातच मोठी ऊर्जा साठली होती. पाण्याऐवजी वायू असता तर काय घडले असते, याची कल्पना वाचकाने करावी.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ ने वातावरणाहून अधिक दाबावर चालणाऱ्या यंत्रसामग्रीत सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय योजण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. महाराष्ट्रात कारखान्यांच्या सुरक्षिततेची देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते, तर बाष्पके व त्यांच्याशी जोडलेल्या वाफवाहिन्या बाष्पके संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. दाबाखालील वायूंची पात्रे स्थिर व फिरती दाबपात्रे नियम, २०१६ आणि सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांखाली येतात. या दोहोंची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे, जिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. चाचणीचे काम ठेकेदाराकडे दिले तरी कारखान्याची जबाबदारी संपत नाही. म्हणून ठेकेदाराने सुचवलेला चाचणीचा वायू, दाब आणि साठलेल्या ऊर्जेचे गणित कारखान्याच्या अभियंत्याने लेखी तपासून मगच काम सुरू करण्याचा परवाना द्यावा, अशी पद्धत सुस्थापित उद्योगांत आहे.